दोन कालिरोई

“अगं आरेती, यातली तुझी आई कुठली, ते तूच बघ बाई,” म्हणत दफनभूमी सांभाळणाऱ्या पानोरियामावशींनी अस्थींच्या दोन पेट्या पुढ्यात ठेवल्या. दोन्ही एकसारख्या, दोन्हींवर एकच नाव: कालिरोई.

आरेतीने दोन्ही पेट्या फिरवून पाहिल्या. दुपारी बाबांना पुरायचं होतं. “तुझ्या आईला माझ्या पायाशी ठेव,” एवढंच त्यांनी मरताना मागितलं होतं.

“मावशी, आडनाव का नाही घातलं?”

“अस्थिघराचं छप्पर गळलं, पेट्यांवरची जुनी अक्षरं धुऊन गेली, म्हणून मीच परत रंगवली. म्हटलं, कालिरोईला गावात कोण ओळखत नाही! तेव्हा डोक्यात होतं गं कुठली कोण. आता डोकंही गळायला लागलंय.”

आमच्या ग्रीसच्या नाक्सोस बेटावर घरोघरी आजीच्या नावाच्या नाती. एकीला हाक मारली की तिघी वळतात. दुसरी कालिरोई आईची चुलत बहीण. आजीचं नाव खरं कोणाचं, यावरून दोघी जन्मभर भांडल्या. बाबा शाळामास्तर, ते आईला चिडवायचे, “पुराणात कालिरोई ढिगाने आहेत. एक सागराची लेक, एक हारापायी नवऱ्याचा जीव घेणारी, एक झऱ्याकाठी जीव देणारी. त्या कधी भांडल्या का?” आई फणकारायची, “त्या एका गल्लीत राहत नव्हत्या!”

आरेतीने झाकणं उघडली. रिवाजाप्रमाणे काही वर्षांनी थडग्यातून काढलेल्या आईच्या अस्थी तिनेच वाइनने धुऊन पणजीने भरतकाम केलेल्या उशीच्या अभ्र्यात बांधल्या होत्या. दुसऱ्या पेटीतही तसाच अभ्रा निघाला, तीच निळी फुलं. पणजीने नातींमध्ये दुजाभाव केला नव्हता.

“ही डावीकडची,” ती म्हणाली. मग उजवीकडची उचलली आणि परत ठेवली. “मावशी, मला माझी आई ओळखू येईना हो.”

“मग दोघींना ने. त्या बिचारीचं तरी कोण आहे? ना नवरा, ना मूल.”

“बाबांच्या पायाशी ह्या दोघी? जन्मभर एकमेकींचं तोंड बघितलं नाही!”

“आता कुठे तोंडं उरलीत त्यांना?”

दुपारी थडग्याशी प्रार्थना सुरू झाली. मेलेल्याचं आडनाव आमच्याकडे देवाला सांगत नाहीत, नुसतं नाव घेतात. बाबांचं नाव झाल्यावर पाद्रीबाबा पायाशी ठेवलेल्या दोन पेट्या बघून अडखळले. “पोरी, कालिरोई एकदा म्हणू की दोनदा?”

“दोनदा.”

त्यांनी दोनदा म्हटलं. त्यातली आई पहिली की दुसरी, ते आरेतीला कळेना. ती दोन्ही नावांना रडली.