गार पेंड

तेलाचा डबा परत आला तो दिवस वाऱ्याचा होता. मोकळ्या रानातली माती सकाळपासून उठून घराघरांत शिरत होती. दातांखाली कचकच, घागरीतल्या पाण्यावर मातीची साय. धाकटी ओट्यावर बसून शेंगदाणे निवडत होती. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. थोरल्या जावा शहरात निघून गेल्या, हिचे केस पिकले, तरी गावाला ती धाकटीच.

शाळेच्या बाई आल्या आणि त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच ठेवला.

"आठ वर्षं तुमच्याकडून तेल नेते," बाई म्हणाल्या. "कधी वास घेऊन बघितला नाही. आता तुम्ही घ्या."

धाकटीनं झाकण काढून नाक आत घातलं. ओल धरलेल्या गोणपाटासारखा वास आला.

"पैसे नकोत मला परत," बाई म्हणाल्या. "एवढंच विचारायचं होतं, आता तुम्हीपण?"

धाकटीनं झाकण परत लावलं. बाई पायऱ्या उतरून गेल्या. ते 'तुम्हीपण' मात्र ओट्यावरच बसून राहिलं.

तीस घरं तिच्याकडून तेल नेत. तिच्या डब्यावर चिठ्ठी नव्हती, छाप नव्हता, पाटी नव्हती. माझ्या रानातले दाणे, माझ्या हातानं निवडलेले, एवढा शब्द होता. त्या शब्दावर तीस घरांत फोडणी पडत होती. काळा दाणा, किडका दाणा, सुरकुतलेला दाणा ती एकेक करून बाजूला काढी. नजर कमी झाली तसा डोळ्यांचा चष्मा बदलला, पण हे काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

कारभारी रानातून आले तोवर तिचं डोकं तापलं होतं.

"खरं सांगा. मागच्या वर्षीचे उरलेले दाणे पोत्यात मिसळले?"

"कोणी? मी?"

"नाहीतर काय बैलानं?"

कारभाऱ्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, तोंड पुसलं, परत खांद्यावर टाकलं. "तीस वर्षांत तुझ्या पोत्याला कधी हात लावलाय मी?"

"लावला असेल एखादवेळी. मी काय रात्रंदिवस पोत्यावर बसते?"

"बस मग," असं म्हणून ते हात न धुताच परत बाहेर गेले. माणूस फार दुखावला की असाच जायचा.

आत खाटेवर सासू पडली होती. पाय थकले होते, कान आणि जीभ शाबूत. "धाकटे, आण तो डबा इकडं."

म्हातारीनं बोट बुडवलं, चाटलं, आणि तोंड वाकडं केलं. "हे आपल्या रानातलं नाही."

"कशावरून, आत्याबाई?"

"जीभ माझी आहे ना? मग." थोडं थांबून तिनं विचारलं, "पेंड गरम होती का गं?"

"कशी म्हणजे?"

"अगं, दाणे दाबून तेल निघालं की मागं चोथा राहतो तो चटका बसेल इतका तापलेला असतो. आम्ही थंडीत पेंडीचा तुकडा पदरात धरून घरी यायचो. घरी येईतो ऊब राहायची."

धाकटी दाणे निवडायची थांबली. गेल्या खेपेला टेंपोत जागा नव्हती म्हणून पेंडीचं पोतं तिनं वाटभर मांडीवर घेतलं होतं. ते गार होतं. दगडासारखं गार. तेव्हा तिला उलट बरंच वाटलं होतं, उन्हात मांडीला गारवा म्हणून.

तेलगिरणी एकच होती, पाच गावांत मिळून. दुसरीला जायचं तर तीन तास. गिरणीच्या मालकाला लोक अगदीशेठ म्हणत. काहीही विचारा, तो म्हणणार, "अगदी." दाणे आणलेत, काढून द्या. अगदी. उशीर होईल का? अगदी. म्हणजे होईल की नाही होणार, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

पूर्वी तिथं एक रीत होती. ज्याचे दाणे, तो यंत्राजवळ बसणार. आपलं पोतं आपल्यासमोर उसवायचं, आपल्यासमोर ओतायचं, तेलाची धार आपल्या डब्यात पडताना बघायची. कुणावर संशय म्हणून नव्हे, रीतच होती. गेल्या वर्षी शेठनं मध्ये भिंत घातली. भिंतीच्या अलीकडं गार हवेचं यंत्र, मऊ खुर्च्या, फुकट चहा. भिंतीला एक दार आणि दारावर पाटी, 'ग्राहकांना आत जाण्यास मनाई. आपल्याच सुरक्षिततेसाठी.' लोक खूश झाले. घामाच्या धारा लावून बसण्यापेक्षा खुर्ची कुणाला नको असते? आपल्याला खुर्ची का दिली, हे खुर्चीत बसलेला माणूस विचारत नाही. धाकटीनंही विचारलं नव्हतं. तीही बसली होती, चहासुद्धा प्यायली होती, दोनदा.

दुसऱ्या दिवशी बाईंचा डबा घेऊन ती गिरणीवर गेली. खुर्च्यांत तीन-चार माणसं होती. त्यात निवृत्त पोस्टमन होताच. दाणे असोत नसोत, दुपारी तो गारव्याला येऊन बसे.

"शेठ, हे तेल माझ्या दाण्यांचं नाही."

"अगदी. बसा ना वहिनी. चहा?"

"चहा नको. पेंड गार का होती?"

"नवे पंखे लावलेत आत. लगेच गार होते, अगदी दोन मिनिटांत." त्यानं डब्याला हात लावला नाही. बोट वर करून दुसरी पाटी दाखवली. 'एकदा बाहेर गेलेल्या मालाची तक्रार चालणार नाही.'

"मग मला आत बसू दे. पूर्वी बसायचो तशी."

"पदर अडकला, बोट गेलं, तर? कारभाऱ्यांना मी काय तोंड दाखवू?"

"तोंडाचं बघू नंतर."

पोस्टमन खुर्चीतून म्हणाला, "वहिनी, कशाला त्या उकाड्यात जाता? घरी तरी असं बसायला मिळतं का कुणाला?"

शेठ जवळ आला आणि त्यानं आवाज खाली आणला. "एक बोलू? दाणे दमट असतील. नाहीतर घरात कुणी जुने मिसळले असतील. बायका राबतात, पुरुषमाणूस आळस करतो. घरच्यांवर अगदी डोळे मिटून विश्वास टाकू नये."

धाकटी डबा उचलून निघाली. वाटेत वारा तोंडावर माती मारत होता, पण तिला त्याचं भान नव्हतं. काल संध्याकाळी नवऱ्याला ती जे बोलली तेच हा माणूस आज बोलला होता. लबाडी त्यानं करायची आणि भांडणं आपल्या घरात व्हायची. असं किती घरांत चाललं असेल?

घरी कारभारी बैलाला पाणी दाखवत होते. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी काल बोलले ते चुकलं."

"हं."

"हं काय? दोन पोती मका उसना द्या मला. आणि पोतं शिवायचा दाभण शोधा."

"मका? गिरणीत?" कारभाऱ्यांनी बादली खाली ठेवली. तिनं बेत सांगितला. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "त्यानं उद्यापासून आपले दाणे घेतलेच नाहीत, तर? तीन तासांवर जायचं का दर खेपेला?"

"बाईंनी विचारलं, तुम्हीपण? तीस घरं विचारतील. मग दाणे कुठं न्यायचे हा प्रश्नच राहणार नाही."

ते घरात गेले. आणि दाभण घेऊन आले.

पोत्यात मका भरला. वर वीतभर थर शेंगदाण्यांचा, निवडलेल्या, टपोऱ्या. तोंड कारभाऱ्यांनी स्वतः शिवलं, जाड निळ्या दोऱ्यानं. शिवताना एकदा हसले. "म्हातारीला सांगितलंस का?"

"ती म्हणते, वर दाणे जास्त घाल, मेल्याला हाव सुटू दे."

चौथ्या दिवशी वारा पडला होता. ऊन नुसतं उभं होतं, पान हलत नव्हतं. गिरणीत खुर्च्या भरलेल्या. वीटभट्टीवाल्याची बायको दोन पोती देऊन बसलेली, पोस्टमन, आणखी चौघंपाचजण. हमालानं धाकटीच्या पोत्यांची टोकं सैल करून वरचे दाणे बघितले, शेठनं मूठभर हातात घेतले, फुंकर मारली.

"सोनं आहे वहिनी. अगदी सोनं."

दार बंद झालं. धाकटी चहाला नाही म्हणाली. भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज येतोय का, म्हणून कान देऊन बसली. घरघर होती. पण ती गार हवेच्या यंत्राची होती, हे तिला आज कळलं. वर्षभर सगळ्यांनी तीच घरघर ऐकली होती.

दोन पोती काढायला तीन तास लागायचे. पाऊण तासात डबे बाहेर आले. मागून पेंडीची पोती. धाकटीनं पोत्यावर पंजा ठेवला. गार.

"शेठ, हे माझ्याच पोत्यातलं?"

"अगदी तुमच्याच."

"दुसऱ्या कुणाचं चुकून आलं नसेल?"

"आपल्याकडं चूक होत नाही."

"भावजी, ऐकलं का?" ती पोस्टमनला म्हणाली. "शेठ काय म्हणाले, मोठ्यानं सांगा. मला कमी ऐकू येतं."

पोस्टमन सावरून बसला. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवलेला माणूस. "शेठ म्हणतात, तुमच्याच पोत्यातलं आहे. चूक होत नाही."

"मग हे मक्याचं तेल आहे," धाकटी म्हणाली. "माझ्या पोत्यांत मका होता. वर वीतभर दाणे, बाकी मका."

कोपऱ्यात एकजण फिस्सकन हसला आणि लगेच थांबला, कारण त्याचेही दाणे आत होते.

शेठचा चेहरा पडला, पण जीभ चालूच राहिली. "अदलाबदल झाली असेल. अगदी माणसाच्या हातून..."

"झाली असेल. मग माझा मका ज्याच्या नावावर गेला त्याला बोलवा. बघू तरी, मक्याचं तेल दिसतं कसं."

वीटभट्टीवाली उठली. तिच्या हातातला कप तसाच होता. "आणि माझं? माझं कुणाचं दिलंस रे गेल्या खेपेला? मी सुनेला बोलले. दाणे नीट वाळवले नाहीत म्हणून आठ दिवस तिच्याशी बोलले नाही."

शेठनं हात जोडले. "वहिनी, दोन मिनिटं. बाजूला या."

टेबलामागच्या छोट्या खोलीत त्यानं पंखा तिच्याकडं वळवला. आता त्याच्या बोलण्यात 'अगदी' नव्हतं. "तुमचे दाणे जन्मभर फुकट काढून देतो. तुम्ही आत बसा, यंत्राजवळ. फक्त तुम्ही. बाहेर सांगा, मीच गंमत केली. वहिनी, मलाही पोट आहे. शहरातले लोक बाटलीला छाप मागतात, चांगला माल मागतात. तुमच्यासारखे दाणे मला बाजारात मिळत नाहीत."

खोटं कशाला सांगायचं, धाकटीचं मन क्षणभर हललं. जन्मभर फुकट. तीस घरांचं तेल चोख. नवऱ्याला तीन तास बैल हाकायला नकोत. बाईंना ती ताठ मानेनं सांगू शकली असती, तेल माझंच आहे. आणि ते खरंही असतं.

"मी एकटी आत बसले," ती म्हणाली, "तर बाहेरच्यांना काय देशील?"

शेठनं पंख्याकडं बघितलं.

"तेच देशील ना? आणि मग त्यांच्या प्रत्येक डब्यातली ती चोरी तुझी एकट्याची राहणार नाही. माझीपण होईल."

ती बाहेर आली आणि सरळ त्या दारापाशी गेली. हमाल आडवा आला. त्यानं शेठकडं बघितलं, मग धाकटीकडं, मग वीटभट्टीवालीकडं, आणि बाजूला झाला. त्याच्याही घरचे दाणे इथंच निघत असणार.

आत उजेड कमी होता. भिंतीला टेकून धाकटीची दोन्ही पोती उभी होती, निळा दोरा टोकाला सैल केलेला, बाकी जसाच्या तसा. शेजारी वीटभट्टीवालीची, त्याच्या शेजारी आणखी कुणाकुणाची, सगळी चांगल्या दाण्यांची. पलीकडं रिकाम्या बाटल्यांचे खोके छपरापर्यंत. आणि कोपऱ्यात दाण्यांचा ढीग, काळपट, सुरकुतलेला, ओल धरलेला. ओट्यावर ती जे दाणे एकेक करून बाजूला काढायची, तसल्या दाण्यांचा ढीग. आठवडाभराचं तेल त्यातून आधीच काढून पिंपात भरून ठेवलेलं. यंत्रावर तिनं पंजा ठेवला. तेही गार.

त्यानंतर अगदीशेठला कुणी तुरुंगात नेलं नाही. लोकांनी मागची तेलं परत मागितली, त्यातल्या थोड्यांना मिळाली, बऱ्याचजणांना फक्त हात जोडून मिळाले. शहरातल्या बाटल्या अजून जातात, त्यांत काय असतं ते शहर बघेल. पण भिंतीतलं दार त्या दिवसापासून उघडंच राहिलं. पाटी लोकांनी काढायला लावली. खुर्च्या आत गेल्या, यंत्राजवळ, उकाड्यात. पोस्टमननं दोन दिवस तोंड फुगवलं. "एवढं चांगलं बसत होतो," असं तो अजूनही म्हणतो. घाम पुसत म्हणतो, पण धारेकडं बघत बसतो.

धाकटीचे खरे दाणे निघाले त्या दिवशी ती तीन तास हलली नाही. पहिली पेंड पडली तशी तिनं हात पुढं केला. तळवा भाजला. एक तुकडा तिनं पदरात बांधला आणि सासूच्या उशाशी नेऊन ठेवला. म्हातारी त्यावर हात ठेवून झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी नवा डबा घेऊन ती शाळेत गेली. सुट्टी झाली होती. बाई फळा पुसत होत्या. धाकटीनं सगळं सांगितलं, मका, दोरा, दार, सगळं. बाईंनी झाकण काढून वास घेतला. मान हलवली. मग झाकण लावताना जरा अडखळल्या.

"राग मानू नका," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी तुम्ही दाणे निवडाल ना, तेव्हा मी येऊन बसले तर चालेल? बघायला."

धाकटीच्या कानशिलात रक्त चढलं. एवढं सगळं केलं, कुणासाठी? आठ वर्षं नेतात, आणि आता बघायला येणार. जिभेवर एक सणसणीत वाक्य आलंही होतं.

ते तिनं गिळलं. फळ्याखाली पडलेली खडूची भुकटी तिनं पायानं बाजूला सारली.

"या," ती म्हणाली. "ओट्यावर सतरंजी टाकते. चहा मात्र मिळणार नाही."