उष्टा आकडा एकेचाळीस

मित्रांनो, राज्यं बुडतात, पर्वत झिजतात, माणसं तर काय, येतात आणि जातात. आकडा मात्र अमर असतो. मी असाच एक जुना आकडा आहे. माझं नाव एकेचाळीस. सध्या मी गादीच्या एका जाहिरातीचा आहे. काल कुणाचा होतो ते विचारू नका. अपमानालाही काही वेळकाळ असतो.

मी ध्वनिमुद्रणाच्या एका स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. बाहेरून एखादं कार्ड किंवा पेनड्राइव्ह जोडलं, की त्यातल्या फायलींचं बिऱ्हाड तो आत थाटून देतो. याला माउंट करणं म्हणतात. अशा प्रत्येक बिऱ्हाडाला ओळखीसाठी एक आकडा मिळतो. त्याचसाठी माझा जन्म झाला. "एकेचाळीस कोण?" असं कुणीही विचारावं आणि एकच उत्तर यावं! सुरुवातीला माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

पण बिऱ्हाड उठलं, की कारभारी आकडा काढून घेतो आणि पुढचा पाहुणा दारात दिसताच सर्वांत लहान मोकळा आकडा त्याच्या गळ्यात अडकवतो. मधे धुतो का? नाही. निदान झटकतो का? तेही नाही. मेल्या, पाहुण्याला उष्टी बशी देताना तरी माणूस कचरतो! पण कारभाऱ्याला काटकसरीचं बाळकडू मिळालेलं. आणि या काटकसरीपायी एका बाईचा आवाज गेला असता.

बाई म्हणजे स्टुडिओवाल्या ध्वनिमुद्रकाची थोरली बहीण, ताई. तिनं आयुष्यभर तलावावर मुलांना पोहायला शिकवलं. आवाज असा, की बुडणारा मुलगा निव्वळ धाकानं वर यायचा. त्या ताईच्या घशात गाठ निघाली. ती स्टुडिओत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती आणि त्यानंतर तिचा आवाज कायमचा जाणार होता. म्हणून रोजची वाक्यं आधीच तिच्या आवाजात भरून ठेवायची आणि पुढे एका छोट्या यंत्रावर बटण दाबून बोलायचं, असं ठरलं होतं.

"ताई, जरा गोड बोल गं," ध्वनिमुद्रक म्हणाला. "जन्मभर हाच आवाज वापरायचा आहे."

ताईनं पदर सावरला आणि म्हणाली, "मला थोडं पाणी द्याल का?"

तिचे यजमान, म्हणजे दाजी, कोपऱ्यात बसले होते. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. कोण आलं, असं त्यांना वाटलं.

दुपारपर्यंत सगळी वाक्यं मधात बुडवून एका कार्डावर भरून झाली. तेव्हा मी एका रंगाच्या जाहिरातीच्या कार्डाकडे होतो. ध्वनिमुद्रकानं स्वतःच्या अकलेनं एक सफाईचा प्रोग्राम लिहिला होता. त्याला त्यानं हुकूम दिला होता, "याच्या फायली उतरवून घे आणि मग कार्ड पुसून टाक." प्रोग्रामनं एवढंच लक्षात ठेवलं: एकेचाळीस पुसायचा. फायली उतरल्या. पण पुसायची वाट बघायला ध्वनिमुद्रकाला धीर कुठला! त्यानं ते कार्ड उपसलं आणि ताईचं खुपसलं. सर्वांत लहान मोकळा आकडा कोण? मी. कारभाऱ्यानं मला ताईच्या आवाजाला बांधलं.

एवढ्यात सफाईवाला आला. "एकेचाळीस कोण?"

मी काय सांगणार? मीच होतो! ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे गाढवा, मी तो आहे, पण हा तो नाही! पण आकड्याला तोंड नसतं. त्यानं कार्ड असं लख्ख पुसलं, की मागमूस राहिला नाही.

ध्वनिमुद्रकानं कार्ड उघडून पाहिलं, तर आत काहीच नाही. "ताई... सगळं गेलं."

ताई उसळली.

"दगड्या! उद्या माझा गळा कापणार आहेत आणि तू आजच उरकलंस? शाळेची पाटी तरी न विचारता पुसली होतीस का कधी?"

"ताई, चुकलं गं. पुन्हा म्हणशील?"

"म्हणते! पण आता गोडबीड जमायचं नाही, सांगून ठेवते!"

आणि तिनं म्हटलं. "पाणी दे!" "दार लाव!" "पाठ दुखतेय, कळतं का?" काचा थरथरल्या. "जेवलास का?" या वाक्यापाशी मात्र तिचा आवाज फाटला. ती थांबली, घोटभर पाणी प्याली आणि तेच वाक्य दुप्पट खेकसून म्हणाली.

दाजी डोळे पुसत होते. "हीच," ते म्हणाले. "सकाळची बाई कोण होती, देव जाणे. तिच्याबरोबर मी संसार कसा केला असता?"

या वेळी मात्र भावानं आधी दोन प्रती काढल्या.

पुढच्या आठवड्यात दुरुस्तीवाली आली. सगळं ऐकून तिनं निकाल दिला, "हा एकेचाळीस फसवा आहे." मी फसवा! दिला कुणी, पुसला कुणी, आणि बदनाम कोण? तिनं नवा कारभारी बसवला. आता प्रत्येक बिऱ्हाडाला शेपटासारखा लांबलचक नवा आकडा मिळतो आणि यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत तो दुसऱ्या कुणालाही देत नाहीत. हे शहाणपण आधी का सुचलं नाही? आकडे काय महाग झाले होते? आम्हा जुन्या आकड्यांना अजून ठेवलंय, जुन्या प्रोग्रामांची सवय मोडू नये म्हणून. उष्टंच ठेवलंय.

म्हणून मित्रांनो, मी तुम्हाला खडसावून सांगतो: ज्याची त्याची ओळख ज्याला त्याला द्या. एकाचं नाव दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका. आकड्यांनाही अब्रू असते. माझी जाहीर माफी मागितली पाहिजे, कारभाऱ्याची चौकशी झाली पाहिजे, सफाईवाल्याला...

पण ताई आत्ता समोरच बसली आहे. बरी आहे. भाऊ तिच्या यंत्रात काही नवी बटणं बसवतो आहे आणि ती जुनी दाबून बघते आहे. "जेवलास का?" "जेवलास का?" "जेवलास का?"

माफीचं पुढे बघू. आधी कुणीतरी त्या यंत्राचा आवाज जरा कमी करा.