स्क्रूची शाबासकी माझ्या कपाळी

मी एक जुनी, काळी, रुपयाएवढी चकती आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. ते मला जमत नाही, आणि माझी कहाणी ऐकल्यावर तुम्हालाही जमणार नाही.

भिलाईतल्या एका कॉलेजात वसुंधरा मॅडमनी मला घडवलं. यट्रियम, बेरियम आणि तांबं यांची भुकटी खलली, दाबली आणि भट्टीत लालबुंद भाजली. द्रव नायट्रोजनच्या थंडीत बुडवलं की माझ्या अंगातून वीज बिनअडथळा धावते. पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा मोजायची, यावरच मॅडमची पीएचडी होती. तारा जोडून मोजावं तर जोड तापतात आणि सगळा विचका होतो. म्हणून त्या मला चुंबकात ठेवायच्या. चुंबकाचा जोर वाढवायचा, मग उतरवायचा. यंत्राचं पेन कागदावर जाताना एका वाटेनं जायचं, येताना दुसऱ्या. दोन वाटांमध्ये जेवढं अंतर जास्त, तेवढी जास्त वीज मी पेलणार, असा हिशेब.

पहिल्याच मापात अंतर चांगलं चार बोटं आलं. विभागप्रमुख नरहरी सर नाचायचेच बाकी होते. "वा मॅडम, दिल्लीवाल्यायले दाखवून देऊ!" मला डबीत कापसावर ठेवलं. येईल त्याला माझं दर्शन घडवायचे.

मग एका दुपारी इथल्या पोलादाच्या प्लांटमधून येणारा नायट्रोजन आलाच नाही. भांड्यातला होता तो उडून गेला. मी कोमट झाले, माझ्यातली करामत संपली. तरी पेन आपलं रुंद वेटोळं काढतच राहिलं! मॅडम चपापल्या. त्यांनी मला बाहेर काढलं आणि मला बसवायची ती नुसती पट्टी, स्क्रूसकट, चुंबकात ठेवली. पुन्हा तसंच वेटोळं. मला पट्टीवर धरून ठेवणारा स्क्रू पोलादी होता. अहो, भिलाईच ती! इथं स्क्रू म्हटला की पोलादाचाच मिळणार, आणि पोलादही चुंबकात असंच वागतं. म्हणजे इतक्या दिवसांची शाबासकी त्या मेल्या स्क्रूची होती! असा संताप झाला माझा की काय सांगू.

मॅडम तडक सरांकडे गेल्या. "सर, आकडा खोटा आहे. पितळी स्क्रू लावून परत मोजा लागते."

"उद्या कमिटी येऊन राहिली, अन् तुम्ही आज मले स्क्रू सांगता?" सर कडाडले. "कावून घात करून राहिल्या? चूप बसा. नाही त तुमच्या थीसिसवर माझी सही होत नाही."

"पण सर, कमिटीला खोटं कसं..."

"बिलकुल चूप!"

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. नव्या यंत्रांची मंजुरी तिच्याच हातात होती. सर म्हणाले, "लावा मॅडम नमुना." मॅडमनी चुंबक चालू केलं. पेनानं रुंद वेटोळं काढलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"बघा, ही आमची चकती!" सर म्हणाले.

मॅडमनी मूठ उघडली. मी त्यांच्या तळहातावर होते.

"चकती इथं आहे, सर. आत नुसता स्क्रू आहे."

खोलीत सगळे विद्वान. कोणी घसा खाकरला, कोणी घड्याळ पाहिलं. "शाब्बास" म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही. चहा पिऊन निघून गेले.

"आता त्या स्क्रूलेच पीएचडी देजा!" सर ओरडले, आणि सही त्यांनी कधीच केली नाही.

त्या संध्याकाळी मॅडमनी पितळी स्क्रू लावून मला मोजलं. दोन्ही रेषा जवळजवळ चिकटून आल्या. "इतकुशीच आहेस का गं तू?" त्या म्हणाल्या आणि रडल्या. हो, इतकुशीच. पण ते माप माझं होतं.

त्यानंतर मॅडम कॉलेजात दिसल्या नाहीत. इथंच कोहका वस्तीत शिकवण्या घेतात म्हणे. सर आपल्या खुर्चीवर आहेत. मी कपाटात पडून आहे, ओल लागून अंग भुसभुशीत झालंय.

मित्रांनो, इथं जुन्या वस्तूनं "मला जपा" म्हणायचं असतं. मी नाही म्हणणार. माझ्यासारखी चकती कोणीही पुन्हा भाजेल. जपायला हवं होतं ते वसुंधरा मॅडमना. मोठे झालात आणि अशाच एखाद्या खोलीत बसलात, तर निदान घड्याळ तरी पाहू नका.