धाकटीच्या दारातली रांग

आरोग्य केंद्रात सिस्टर दोघी होत्या आणि बायकांनी त्यांची खरी नावं केव्हाच टाकून दिली होती. एक थोरली, एक धाकटी. नातं काही नव्हतं, पण एका घरात पडलेल्या जावांसारखं दोघींचं चालायचं, म्हणजे चहा एकत्र आणि तोंडं दोन दिशांना. खरं सांगायचं तर तोंड फिरवायची ती थोरलीच. आपल्यावर कुणी जळतंय याचा धाकटीला पत्ताही नव्हता, आणि थोरलीला सगळ्यात जास्त चीड याचीच यायची.

थोरलीनं या केंद्रात उभी हयात घालवली होती. अर्धी वस्ती तिच्या हातांवर जन्माला आलेली. ती रस्त्यानं निघाली की मिशा फुटलेले बाप्ये गपचूप बाजूला व्हायचे, कारण त्यांना सगळ्यात आधी उघडं हिनं पाहिलं होतं आणि चारचौघांत ते सांगायला ती कमी करायची नाही. आवाज असा की भिंतीपलीकडच्यालाही औषध कळावं. "इंजेक्शनवाल्या भिंतीकडे, गोळ्यावाल्या खिडकीकडे! आणि तू गं, गोळ्या घ्यायला विसरलीस ना? आता भोग!" तिच्या मते ही माया होती. असेलही.

मग धाकटी बदलून आली. ती काही फार वेगळं करायची नाही, फक्त दार लावून घ्यायची. एका वेळी एक बाई आत, आणि आतून आवाज म्हणून नाही. बाई बाहेर आली की तिनं सर्दीचं औषध नेलं की पाळणा लांबवायचं, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखायची सोय नसायची. वर्ष सरायच्या आत सगळी रांग थोरलीच्या दारातून उठली आणि धाकटीच्या दारात जाऊन बसली.

थोरली रिकाम्या खोलीतून ती रांग बघत राहायची. "काय जादू करते कोण जाणे," ती झाडूवालीला ऐकवायची. "कालची पोर. हिला धड टाका घालता येत नाही." टाका धाकटीला उत्तम घालता यायचा. थोरलीनं तो दोनदा निरखून पाहिला होता आणि दोन्ही वेळा तिचा जळफळाट झाला होता. जिची दोन्ही बाळंतपणं हिनं केली, अशी एक बाई एकदा रांगेत हिला बघून चटकन मागे वळली आणि भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागली. बाईला वाचता येत नव्हतं. थोरलीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घरी मात्र तिची सत्ता अबाधित होती. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला, महिन्याकाठी यायचा. घरात सून आणि दुडुदुडु धावणारी नात. त्या नातीच्या वेळी सुनेचा रक्तदाब असा चढला होता की तिला झटके आले, आणि आई जाते की बाळ जातं असं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, निदान तीन वर्षं दुसरं नको, जिवाशी खेळ होईल. थोरलीनं ते ऐकलं होतं, शेजारीपाजारी रंगवून सांगितलंही होतं. पण सुनेला जवळ बसवून, त्यासाठी तू काय घेतेस, हे विचारायचं तिला सुचलं नाही. आपल्या घरात सिस्टर आहे, म्हणजे झालंच की, असं तिला वाटायचं.

औषधांच्या साठ्याची किल्ली थोरलीच्या कमरेला असायची. पाळणा लांबवायच्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनांची खोकी आली त्या दिवशी धाकटी रजेवर होती. थोरलीनं ती साठ्याच्या खोलीत न ठेवता आपल्या कपाटात ठेवली.

"ताई, इंजेक्शनं आली का हो? बायका खोळंबल्यात," दुसऱ्या दिवशी धाकटीनं विचारलं.

"वरूनच नाही आली. मी काय घरी बनवू?" थोरली म्हणाली, आणि खूप दिवसांनी तिला बरं वाटलं.

तिचा हिशेब सोपा होता. धाकटीकडे नाही म्हटल्यावर बायका जातील कुठे? झक मारत इकडे येतील. "सिस्टर, तुमच्याकडे तरी आहे का हो?" असं विचारतील, आणि मग ती आढेवेढे न घेता कपाट उघडून देईल. कुणाचं वाईट करायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला फक्त कुणीतरी मागायला यायला हवं होतं.

एखाददुसरी आली. बाकीच्या मान खाली घालून परस्पर घरी गेल्या. धाकटीनं गोळ्या दिल्या, निरोध दिले, पण ज्यांच्या नवऱ्याला यातलं काही कळून चालणार नव्हतं त्यांना त्याचा उपयोग नव्हता. थोरली रोज सकाळी कपाट उघडायची, खोकी बघायची आणि अधिकच हट्टाला पेटायची. येत नाही? नका येऊ.

काही महिन्यांत धाकटीच्या दारातल्या रांगेचा रंग बदलला. आता तिथं तोंडाला रुमाल लावलेल्या बायका दिसायला लागल्या. एकीचं आधीचं पोर अजून अंगावर पीत होतं. एकीची कारखान्यातली नोकरी जेमतेम पक्की होत आली होती. एकीच्या थोरल्या लेकीलाच दिवस गेलेले, आणि मायलेकी एकमेकींकडे न बघता बाकाच्या दोन टोकांना बसलेल्या. काहींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून दुकानातून पाडायच्या गोळ्या आणून खाल्ल्या आणि रक्तानं न्हाऊन आल्या. वॉर्डात एका खाटेवर दोघी झोपायला लागल्या. लसीकरणाची जीप रक्ताच्या पिशव्या आणायला पळू लागली आणि पलीकडच्या पाड्यावरची पोरं डोसाविना राहिली.

"या बायकांना ही पोरं आत्ता नको होती," केंद्राचे डॉक्टर बैठकीत वैतागून म्हणाले. "आपण कमी पडलो म्हणून ही वेळ आली. खाटा, रक्त, माणसं सगळं यातच चाललंय. क्षयाच्या पेशंटकडे पाठवायला माझ्याकडे माणूस उरला नाही. इंजेक्शनं का नव्हती?"

"वरून आली नाहीत, सर," धाकटी म्हणाली. थोरली पंख्याकडे बघत राहिली.

त्याच दुपारी तिनं खोकी साठ्याच्या खोलीत नेऊन ठेवली. "आली बाई एकदाची," तिनं जाहीर केलं. धाकटीनं आनंदानं तिचा हात दाबला. थोरलीनं तो सोडवून घेतला.

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी सून शेगडीपासून तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली. थोरलीला तपासायची गरजच नव्हती. तरी तिनं यंत्र आणून रक्तदाब बघितला. आत्तापासूनच वर होता.

"अगं, सांगितलं होतं ना तीन वर्षं नको म्हणून? घरात सिस्टर असून तू काहीच घेत नव्हतीस?"

"घेत होते, आई. इंजेक्शन."

"कुणाकडून?"

सून यंत्राच्या पट्ट्याशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "धाकट्या सिस्टरकडून. मागच्या खेपेला मिळालं नाही. संपलं होतं."

आता कुठल्याही शहाण्या बाईला आधी ते कपाट आठवलं असतं. थोरलीला आधी आठवली ती रांग. माझ्या घरातली, माझ्या हातचं खाणारी पोर, तीही त्या बाईच्या दारात उभी राहिली! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपाट त्यानंतर आठवलं, आणि मग ती तिथंच मोरीच्या उंबऱ्यावर बसली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "ठेवायचं असेल तर शेवटचे कितीतरी दिवस इथे पडून काढावे लागतील, आणि पुन्हा झटके आले तर मी हमी देणार नाही. नको असेल तर आत्ताच सांग, अजून सोपं आहे. ठरवायचं तुझं तू." सून नवऱ्याशी फोनवर खूप वेळ बोलली, नातीला कुशीत घेऊन एक रात्र रडली आणि नको म्हणाली.

ठरल्या दिवशी सासू-सून दवाखान्यातल्या बाकावर बसल्या होत्या, तेवढ्यात कुठूनसं कळून, रजा टाकून धाकटी आली. आली ती सुनेच्या पुढ्यात वाकलीच.

"माझी चूक झाली गं," ती म्हणाली. "नव्हतं तर दुसऱ्या केंद्रातून मागवायला हवं होतं मी. तुझा जीव माझ्या भरवशावर होता."

वर्षभर थोरली ज्याची वाट बघत होती ते आयतं समोर आलं होतं. धाकटी चुकली, तेही स्वतःच्या तोंडानं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. उद्यापर्यंत ही गोष्ट रांगेत पोहोचली असती आणि परवापासून रांग जुन्या दारात आली असती. थोरलीच्या जिभेवर ती गोडी अगदी खरोखर आली. मग तिची नजर सुनेच्या पिवळट पडलेल्या ओठांकडे गेली.

"संपलं नव्हतं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज पलीकडच्या बाकापर्यंत गेला नाही. "माझ्या कपाटात होतं. मीच लपवलं. तुझी रांग बघवत नव्हती मला."

धाकटी ताडकन सरळ झाली. सून मात्र दचकली नाही.

"माहीत आहे मला," सून म्हणाली. "डबा द्यायला आले होते, तेव्हा कपाट उघडं होतं. खोकी दिसली."

"मग मागायचं नाही का गं?" थोरली कळवळली. "एका शब्दानं मागितलं असतंस!"

सुनेनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"तुमच्याकडे?"

आतून सुनेला हाक आली. सोबत एकीनंच यायचं, असं दारातल्या नर्सनं बजावलं. सून उठली आणि तिनं धाकटीचा हात धरला. धाकटीनं एकदा थोरलीकडे पाहिलं आणि सुनेला धरून आत गेली. थोरली दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसून राहिली. तिला रडू फुटलं होतं, स्वतःची लाज वाटत होती, सुनेच्या काळजीनं जीव तुटत होता, आणि इतकं सगळं होऊनही धाकटीच्या त्या हाताचा तिला हेवाच वाटत होता.