राखीव बाटलीचा नळ

शनिवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी आसावरी पाण्यातून एकटीच वर आली.

स्कॉटलंडच्या उत्तरेला लॉक ड्रोनी नावाचं तळं आहे. त्यात ती आणि रघुवीरकाका जोडीने उतरले होते. आसावरी इंग्लंडातल्या मेडनहेडची, आयटीतली. डायव्हिंग शिकून तिला दीड वर्ष झालं होतं. काका मिल्टन कीन्सचे, साठीचे, तीनशे डाइव्ह गाठीशी असलेले. त्यांच्या पत्नी नीनाकाकू थर्मास घेऊन काठावर गाडीपाशी उभ्या होत्या.

उतरण्यापूर्वी जोडीदाराचं सामान हात लावून तपासायचं, असा नियम आहे. आसावरीने हात पुढे केलाही होता.

"तू मला तपासणार?" काका हसले. "अगं, मी पहिल्यांदा पाण्यात उतरलो तेव्हा तू दुपट्यात होतीस."

"अहो, तपासू द्या की तिला," काकू म्हणाल्या.

"माझं सगळं झालंय. चल गं, दात वाजायला लागले."

एखाद्या इंग्रज जोडीदाराला तिने सोडलं नसतं. डायव्हिंग क्लबमध्ये ती त्याबद्दल बदनामच होती. पण काकांशी हुज्जत कशी घालायची? तिने हात मागे घेतला.

पाणी पाच अंश, रंग कोऱ्या चहाचा. बावीस मीटरवर टॉर्चचा उजेड हातभर जाऊन विरत होता. तिथे काकांच्या तोंडातला, बाटलीतली हवा देणारा रेग्युलेटर गोठला. इतक्या थंडीत कधीकधी झडप उघडीच अडकते आणि हवा सुटत राहते. बुडबुड्यांच्या पांढऱ्या लोटात काका दिसेनासे झाले. आसावरीने आपला जादा रेग्युलेटर पुढे केला. लोटातून एक जाड हातमोजा आला, त्याने तिचा हात बाजूला सारला आणि काखेखालच्या हवेच्या छोट्या राखीव बाटलीकडे बोट केलं. मग कुणाचा तरी पाय तळाला लागला. गाळ उठला. काळोख.

थोड्या वेळाने बुडबुड्यांचा आवाजही थांबला.

जोडीदार हरवला तर एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर वर यायचं, असाही नियम आहे. तिने साठ मोजले. हात फिरवत, गाळच चाचपत शंभरापर्यंत मोजले. स्वतःचा श्वास तिला कुणा दुसऱ्याचा वाटू लागला, तेव्हा ती निघाली.

"हे कुठेत?" काकूंनी काठावरून विचारलं. उत्तराची वाटही न पाहता त्या गाडीत बसल्या. फोनला रेंज चार मैल मागे होती. त्या परत येईपर्यंत पंचवीस मिनिटं आसावरी गुडघाभर पाण्यात उभी राहून बुडबुडे शोधत होती. पाणी काचेसारखं होतं.

पाऊण वाजता बचावपथक आलं. त्यांच्यातल्या एकाने वही काढली.

"राखीव बाटलीचा नळ उघडा होता? तपासताना पाहिलंस?"

"मी तपासलंच नाही."

हे ती इंग्रजीत बोलली. काकू शेजारीच उभ्या होत्या, त्यांना कळलं. तरी त्या म्हणाल्या, "काय म्हणालीस तू त्याला?" मराठीत तेच सांगायला तिची जीभ रेटेना.

दोन वाजून वीस मिनिटांनी, उतरल्या जागेपासून तीनशे मीटर उत्तरेला, बोटीला एक नारिंगी फुगा तरंगताना दिसला. आपण कुठे आहोत ते वर कळावं म्हणून डायव्हर खालून हवा भरून सोडतात तसा. त्यावर मार्करने 'रघुवीर' लिहिलेलं होतं. फुग्याची दोरी सरळ खाली गेली होती. बोटीतल्या माणसाने ती ओढून पाहिली. दोरी ताठ होती, वर येईना.

खाली उतरू शकणारे पोलिसांचे डायव्हर तेव्हा चाळीस मैलांवर होते.