पोषी पुनमेची बोरं

जेनिल तीन वर्षांचा व्हायला आला तरी ‘मं’च्या पुढे सरकला नव्हता. त्याची चुलत बहीण हेली त्याच्याहून वर्षभराने लहान, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी डोळे उघडल्यापासून जो सुरू व्हायचा तो झोप लागेपर्यंत. “दादाने दूध सांडलं. दादाने कुत्र्याला भाकरी दिली. दादा ऐकतच नाही.” दादाच्या सगळ्या बातम्या तीच द्यायची, आणि ख्यातीला प्रत्येक बातमी सुईसारखी टोचायची.

ख्याती जेनिलची आई, घरातली धाकटी सून. हेलीची आई बिजल थोरली. गुजरातेत, चरोतरातल्या करमपुऱ्यात दोघींच्या नवऱ्यांचं तंबाखूचं शेत एक, गोठा एक आणि चूलही एकच. एका चुलीवर दोन मुलं वाढत असली की तुलना करायला बाहेरून कुणी यावं लागत नाही.

बिजलचं सगळंच ख्यातीच्या डोळ्यांत खुपायचं. हेलीला द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून चार फाकी करून. शेंगदाणे कुटून. चिवड्यातले चणे वेचून बाजूला. देवापुढची नाणी आणि रिमोटचे सेल उंच फडताळात. जत्रेतला फुगा फुटला की रबराची चिंधीन् चिंधी शोधल्याशिवाय ती जागची हलायची नाही. मूल जेवताना उभं राहिलं तर घास परत ताटात.

“भाभी, उद्या तिला पाणीसुद्धा चिरून पाजाल,” ख्याती म्हणायची.

“पाण्याने ठसका लागतो. घसा बंद नाही होत,” बिजल शांतपणे उत्तर द्यायची.

ही शांतता ख्यातीला सर्वांत जास्त झोंबायची. जिचं मूल बोलतं तिला शांत राहायला काय लागतं?

हेलीच्या वेळी दिवस गेले असताना बिजल तालुक्याच्या दवाखान्यात गरोदर बायकांच्या वर्गाला जात असे. लहान मुलाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, ते तिथे बाहुलीवर दाखवलं होतं. घरी येऊन तिने उशी मांडीवर पालथी टाकली, एक टोक खाली झुकवलं आणि तळहाताच्या मुळाने थापा मारून दाखवल्या. शेजारच्या मधुकाकी तेव्हा भाजी निवडत होत्या.

“उशीला काय झालंय गं? गॅस?”

ओसरीवर हशा पिकला. सर्वांत मोठ्याने ख्याती हसली. पण हसता हसता तिने सगळं पाहिलं : डोकं किती खाली, हात कुठे, थाप कशी. आपण ज्याच्यावर जळतो त्याच्याइतकं बारकाईने आपण दुसऱ्या कुणाकडे बघत नाही.

त्या हिवाळ्यात सासूबाईंनी, म्हणजे बांनी, जेनिलसाठी बाधा घेतली, नवस केला. मूल बोलायला लागत नसलं की पोषी पुनमेला, पौषातल्या पौर्णिमेला, देवळासमोर त्याच्या वजनाइतकी बोरं उधळायची. गावची पोरं ती वेचून खातात आणि मुलाची जीभ सुटते. बांच्या माहेरी एक मुलगा असाच बोलता झाला आणि पुढे वकील झाला, असं त्या सांगत.

ख्यातीला नवससायासापेक्षा एका गोष्टीचा आनंद जास्त झाला. वर्षाच्या एका दिवशी तरी सगळं गाव जेनिलकडे बघणार होतं.

बोरं आली. लहान, गोल, लालसर आणि टणक. बिजलने एक बोर बोटांत फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “ख्याती, एक सांगू? बोरं उधळताना बारकी पोरं पटांगणात नकोत. त्यांना ओट्यावर बसवू, मोठं माणूस जवळ ठेवू. मोठी पोरं वेचू देत. हे घशात बसलं तर बूच बसल्यासारखं बसतं.”

“इतकी वर्षं गाव उधळतंय. कोण मेलं?”

“कुणाचं गेलं तर ते आपल्याला असं थोडंच सांगतात? अचानक काहीतरी झालं, म्हणतात.”

“भाभी, पोटात आहे ते ओठांवर आणा ना. जेनिल बोलायला लागला तर तुमच्या पोपटाला कोण विचारणार, ही भीती आहे तुम्हाला.”

बिजलचा चेहरा लाल झाला. “ठीक आहे. माझ्या पोरीला मी धरीन,” एवढं म्हणून ती गोठ्याकडे गेली.

बिजलला गप्प करणं ख्यातीला पहिल्यांदाच जमलं होतं. त्या दिवशी तिला कढी फार चवदार लागली.

पुनमेच्या सकाळी देवळासमोर ही गर्दी. नव्या स्वेटरमधल्या जेनिलला पायरीवर बसवलं होतं. बांनी पहिली मूठ उधळली आणि पोरं पटांगणभर धावली. बिजल हेलीला कडेवर घेऊन खांबाशी उभी होती. तेवढ्यात बांच्या लक्षात आलं की सुखडीचा डबा घरीच राहिला.

“बिजल, पळ जरा. प्रसादाशिवाय बाधा फिटते का?”

बिजलने इकडेतिकडे पाहिलं. जवळ ख्यातीच होती. तिने हेलीला तिच्या कडेवर दिलं. “दोन मिनिटं धर. खाली मात्र सोडू नकोस.”

ख्यातीने धरलं. मग बांनी हाक मारली, “आता आईने उधळायचं!” समोर टोपली, बाजूला आपला मुलगा, सगळ्यांचे डोळे आपल्यावर आणि कडेवर दुसरीची पोर. बाधा कुणाची आणि मिरवतंय कोण? ख्यातीने हेलीला खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी ओंजळ भरली.

बोरं उडाली. लोक ओरडले. ख्यातीने आणखी एक ओंजळ उधळली. खालून तिच्या साडीला हिसके बसत होते.

“काकी, मला मिळालं. काकी, हे लाल आहे. काकी, दादाला देऊ? काकी, हे मी—”

आणि बडबड थांबली.

ख्यातीच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी : बरं झालं, एकदाची गप्प बसली. त्या क्षणी तिला खरोखर गार वाटलं. तिसऱ्या ओंजळीसाठी ती वाकली आणि हेलीचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला.

तोंड उघडं होतं. आवाज नव्हता, खोकला नव्हता, रडणं नव्हतं. डोळे मोठे झाले होते आणि ओठांचा रंग बदलत चालला होता.

“हिच्या घशात गेलं!” ख्याती किंचाळली. धक्क्याने स्टीलची टोपली कलंडली आणि खणखणत पायऱ्यांवरून खाली गेली, थेट जेनिलच्या पाठीमागून.

मधुकाकी धावल्या. “पाणी पाजा, पाणी!”

“बोट घाल घशात, काढ बाहेर!” बांनी हात पुढे केला.

“बोट नको, बा! आत जाईल!” ख्यातीने सासूचा हात झटकला. लग्नानंतर असं तिने कधी केलं नव्हतं. ती पायरीवर बसली, हेलीला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली झुकवलं, एका हाताने जबडा धरला आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळाने थाप मारली. काही नाही. पुन्हा. काही नाही. अंग इतकं छोटं होतं की जोर लावायची भीती वाटत होती. तरीही तिने जोर लावला.

पुढच्या थापेला बोर टप्पकन फरशीवर पडलं. अख्खं, न चावलेलं.

हेलीने श्वास ओढला आणि असा हंबरडा फोडला की देवळावरची कबुतरं उडाली. पटांगणातली झाडून सगळी लहान पोरंही घाबरून रडायला लागली.

एक सोडून. जेनिल पायरीवर पाठमोरा बसून बोरांची ओळ लावत होता. टोपली त्याच्या मागे खणाणत गेली होती, आई किंचाळली होती, वीतभर अंतरावर बहीण गळा काढून रडत होती. त्याने मान वळवली नव्हती. ओळीत बोर जरा वाकडं बसलं होतं, ते तो बोटाने सरळ करत होता.

ख्याती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. हट्टी आहे, दादा ऐकतच नाही, असं घर म्हणत आलं होतं. हेलीला छातीशी धरून तिने त्याच्या डोक्यामागे चुटकी वाजवली. मग टाळी. मग जोरात, “जेनिल!” सावली हातावर पडली तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं आणि तो हसला.

बिजल डबा टाकून धावत आली. हेलीने तिच्या गळ्याला मिठी मारली. बायका एकदम बोलायला लागल्या.

“बिजलने त्या दिवशी उशीवर दाखवलं होतं, म्हणून वाचली हो पोर!”

“ती म्हणत होती ना, बारक्यांना ओट्यावर बसवा. कुणी ऐकलं?”

थापा मारल्या ख्यातीने आणि शाबासकी बिजलला मिळत होती. त्याही अवस्थेत तिला ते लागलं. आपण कशा आहोत हे तिला त्या दिवशी पुरतं कळलं.

“भाभी, मी हिला खाली सोडलं होतं,” ती म्हणाली.

“कळलंच मला. आत्ता बोलू नकोस माझ्याशी.” बिजलने पाठ फिरवली. “हिला आधी दवाखान्यात दाखवून आणते. बोर निघालं तरी बघून घेतलेलं बरं.” ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून गेली.

बांना टोपलीची काळजी. “अर्धी बोरं राहिली. बाधा अधुरी राहील. उधळून टाक, पोर बोलायला नको का?”

“आता नाही उधळायची, बा.”

“अगं, पण जीभ—”

“जिभेचं नाहीच हे.”

बांना काही कळलं नाही. ख्यातीने उरलेली बोरं शाळेत जाणाऱ्या पोरांना हातात वाटली, प्रत्येकाला एका जागी बसून खायला लावलं आणि मग पटांगण झाडून काढलं. ओट्याखाली, पायऱ्यांच्या सांध्यांत, चपलांच्या ढिगात, एक बोर शिल्लक ठेवलं नाही. जेनिल तिच्या मागे मागे फिरत होता. ती सारखी वळून बघत होती. आधी मुलगा आपल्या मागे आला की तिला अभिमान वाटायचा. आता कळत होतं की तो तिच्या तोंडाकडे बघत चालतो.

दुपारी बिजल परत आली. हेली ठीक होती. आवाज मात्र बसला होता आणि ती कुजबुजत का होईना, बोलतच होती. बिजल तिला झोपवून ओसरीवर गवार मोडायला बसली. ख्याती समोर जाऊन उभी राहिली. बिजलने वर पाहिलं नाही.

“भाभी, जेनिलला ऐकू येत नाही.”

गवार मोडणारे हात थांबले.

“टोपली पडली तेव्हा तो हललासुद्धा नाही. मी नंतर थाळी वाजवून पाहिली. तो बघतो म्हणून आपल्याला वाटतं ऐकतो.” तिला रडायचं नव्हतं, निदान इथे तरी नाही. “उद्या आणंदला कानाच्या डॉक्टरकडे नेते. यांना तिथे काही विचारता येणार नाही. मलाही नाही. तुम्ही याल का?”

बिजलने हातातली शेंग मोडून ताटात टाकली.

“तुझ्यावर माझा राग आहे,” ती म्हणाली. “तो उद्यापर्यंत जाणार नाही.”

“नका घालवू. पण चला.”

“पहिल्या बसने जाऊ. उशीर झाला तर रांग लांबते. त्याचं लशीचं कार्ड घे, आणि गरोदरपणी तुला ताप आला होता ना अंगावर पुरळ येऊन, तो कितव्या महिन्यात ते आठवून ठेव. पहिलं तेच विचारतील. सुरुवातीच्या महिन्यांतल्या तशा तापाने पोटातल्या बाळाचे कान जाऊ शकतात, वर्गात सांगितलं होतं.”

हिला हेही माहीत! ख्यातीला नेहमीची सुई टोचली. आपल्याच पोराबद्दल काय विचारतील ते हिला माहीत, आणि आपल्याला नाही. तिने ती टोचू दिली, समोर बसली आणि अर्धी गवार स्वतःपुढे ओढली.

“सातव्या,” ती म्हणाली. “नाही... थांबा. डोहाळजेवणाच्या बरंच आधी. तिसऱ्या महिन्यात.”