विहिरीवरची खिलेश्वरी

"पाहुणे बदलले बरं का," रीनाने शिडीवरूनच सांगितलं. "नागपूरचे सर येऊन नाही राहिले. आता सौंदडचे शालीकरामजी येतील. मंडप, खुर्च्या सगळं त्यांनीच तर दिलं!"

नीतूने नीट ऐकलं होतं, तरी विचारलं, "कोन?"

"शालीकरामजी. राइस मिलवाले."

नीतूने वळून आपल्या चित्राकडे पाहिलं.

गोंदियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये पाच गावच्या पाच बायकांच्या चित्रांचं प्रदर्शन लागत होतं. रीना चित्रकलेची शिक्षिका. वर्षभर गावोगाव पायपीट करून तिने या बायका गोळा केल्या होत्या. कागद पुढे ठेवला की सगळ्यांचे हात आखडायचे, म्हणून तिने बांबूचे तट्टे शेणमातीने लिंपून दिले आणि घराच्या भिंतीवर काढता तसंच काढा म्हणाली, छुईच्या पांढऱ्या मातीने आणि गेरूने. चौघींनी मोर काढले, धानाच्या ओंब्या काढल्या. कामठ्याच्या नीतूने विहीर काढली. विहिरीवर दोर ओढणारी तिची नणंद खिलेश्वरी, आणि तिच्या पाठीमागे जाकीट घातलेला एक उंच माणूस.

खिलेश्वरी ही शालीकरामची सून. दोन वर्षांपूर्वी पाय घसरून विहिरीत पडली, असं शालीकरामने सांगितलं आणि मोठ्या माणसाचा शब्द म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. महिना उलटतो न उलटतो तोच नीतूच्या नवऱ्याला त्याने मिलमध्ये कामाला लावून घेतलं. घरात तो विषय मग निघालाच नाही. पण शेवटच्या दिवाळीला माहेरी आलेली खिलू चुलीपुढे बसून म्हणाली होती, "भाभी, मी पाण्याले गेली का सासरे मागं येऊन उभे राहतेत. बोलत काही नाहीत. मले भेव लागते." ते भेव आता नीतूला लागलं होतं.

"ताई, माहं चित्र काढून ठेवा जी."

"काऊन? सगळ्यात चांगलं तुझंच तर आहे."

"आमच्या घरच्यायचं काम जाईन. अन् कामाचंच नाही, थो मानूस..."

"अगं, नुसतं चित्र आहे! कोण काय म्हणणार?" रीना हसली आणि पताका बांधायला निघून गेली. तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्याला धीर फार असतो.

तडे बुजवायला म्हणून कोपऱ्यात ओल्या मातीची बादली आणि गेरूची ताटली होती. नीतूने आजूबाजूला पाहिलं, मूठभर माती उचलली आणि त्या उंच माणसावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. जाकीट गेलं, डोकं गेलं. खिलूच्या मागे नुसता ओला डाग उरला. आपण खिलूलाच पुन्हा एकदा ढकललं असं तिला वाटलं, आणि तरीही तिने हात थांबवला नाही.

तेवढ्यात कामठ्याच्या बायका टेम्पोने आल्या. सोबत तिची सासू जमुनाबाई. तट्टा आठवडाभर तिच्याच अंगणात वाळत होता. येता-जाता ती त्याच्याकडे बघायची. आताही ती चित्रापुढे उभी राहिली, ओल्या डागाकडे पाहिलं, मग सुनेच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिलं.

"पुसलं?"

"आई, थे येऊन राहिले."

जमुनाबाई कोपऱ्यातल्या बादलीपाशी जाऊन उभी राहिली.

शालीकराम आला तो जाकीट घालूनच. दिवा लावला, हार घालून घेतला आणि एकेक चित्र बघत निघाला. मोरांना "बढिया, बढिया" म्हणत तो विहिरीपुढे आला आणि थांबला.

"कोणाची विहीर होय ही?"

"अशीच जी. कोणाचीबी."

"और यहाँ गीला कैसा?" त्याने डागावर बोट टेकवलं.

"तडा गेलता," नीतू कशीबशी म्हणाली.

"सरका बाप्पा जरा," मागून जमुनाबाई म्हणाली. "जागा रिकामी दिसते. हाते देतो मी."

गेरूच्या ताटलीत तिने दोन्ही पंजे बुडवले आणि ओल्या मातीत दाबले, नेमके खिलूच्या पाठीशी. सणाला, लग्नाला भिंतीवर हाते उमटवायचे ही तर घराघरातली रीत. बायकांनी टाळ्या वाजवल्या, रीनाने फोटो काढला. दोन तांबडे तळवे एका पोरीच्या पाठीला भिडले होते.

शालीकरामने टाळी वाजवली नाही.

"लेक होय माही," जमुनाबाई त्याच्याकडे बघत म्हणाली. "पाण्याले गेली."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. शालीकरामचा चेहरा मात्र उतरला. चहा ठेवलेला होता, तो न घेताच तो बाहेर पडला. दारातून त्याने एकदा वळून सासू-सुनेकडे पाहिलं. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

नीतू सासूला नळाकडे घेऊन गेली. "आई, आता कसं होईन? रातच्याले मिलमधी तुमच्या लेकाले काही केलं त्यानं तं?"

"मले का माहीत," जमुनाबाई म्हणाली. "पाणी टाक हातावर."

नळाला पाणी नव्हतं. नीतूने बाजूच्या पिंपातून मगभर पाणी घेतलं आणि सासूच्या ओंजळीत ओतलं, पण ते ओंजळीत ठरेना. तिला वाटलं आपलाच हात कापतोय. मग तिने नीट पाहिलं. सासूचे हात तिच्याहून जास्त कापत होते.